चेरीसाठी हिवाळा

चेरी म्हटलं की आपल्याकडे केकच्या मधोमध बसलेली लाल गोळी आठवते. आमच्या अंगणातल्या निळ्या पिंपात जी चेरी आहे तिला तसलं काही लागत नाही. लागलंच तर शेंगदाण्याएवढं आंबटढाण फळ लागतं म्हणे, आणि ते पाखरांशिवाय कोणी खात नाही. ही फुलांची चेरी. डोंगरातली, थंडीतली, ईशान्येकडच्या टेकड्यांवरची. तिकडे नोव्हेंबरात तिची पानं गळतात आणि मग नुसत्या काड्यांवर फिकट गुलाबी फुलं येतात, रस्तेच्या रस्ते भरून. हे मी पाहिलेलं नाही. माझ्या बायकोने पाहिलंय, लागोपाठ तीन नोव्हेंबर, आणि त्या तीन नोव्हेंबरांशी माझं चौतीस वर्षं वाकडं होतं.

लग्नाआधी माझी बायको कॉन्व्हेंटमध्ये होती. शिकायला नव्हे, सिस्टर व्हायला. अठराव्या वर्षी आमच्याच धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्याच चर्चच्या हद्दीतल्या, एका मैत्रिणीबरोबर ती तिकडे टेकड्यांवर गेली, तीन वर्षं राहिली आणि व्रत घ्यायच्या आधी परत आली. मैत्रीण तिथेच राहिली. ही का आली ते तिने कोणाला सांगितलं नाही, आणि जे सांगितलं जात नाही ते आमचं गाव आपल्या मनाने भरून काढतं. कोणी म्हणालं, तिला तिथलं जेवण सोसलं नाही. कोणी म्हणालं, मुलगा असणार. वर्षभराने नंदाखालच्या एका लग्नात मी तिला पाहिलं. ती मांडवाच्या कडेला उभी राहून एका रडणाऱ्या पोराच्या सँडलचा पट्टा लावत होती. मला ती तिथल्या तिथे आवडली. आमच्या घरात थोडी कुरकुर झाली, देवाला दिलेली मुलगी घरात कशी आणायची म्हणून. मी तेव्हाही तिरसटच होतो. म्हटलं, देवाचं आणि माझं मी बघून घेईन.

बोललो मोठ्या तोंडाने, पण मनातला सल गेला नाही. तिने एवढं मोठं काहीतरी सोडलं आणि बदल्यात तिला काय मिळालं? गणिताचा मास्तर, केळीच्या वाडीतला अर्धा वाटा आणि पावसाळ्यात गळणारं न्हाणीघर. तिला पस्तावा होत असेल का, हा प्रश्न मी चौतीस वर्षं खिशात घेऊन फिरलो.

दर नोव्हेंबरला ती आठ-दहा दिवस गप्प व्हायची. परलोकवासीयांचा दिवस झाला, कबरींवरची फुलं सुकली, मेणबत्त्यांचे ओघळ खरवडून झाले, की हिचं बोलणं आटायचं. स्वयंपाक करायची, शिकवायची त्या बालवाडीच्या पोरांची नाकं पुसायची, सगळं करायची. पण हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ द्यायची. मी ठरवून टाकलं होतं की ती तिकडे गेलेली आहे, त्या फुलांखाली. एकदा म्हटलं, चल, जाऊन येऊ, बघून येऊ तुझी ती झाडं. ‘नको,’ एवढंच म्हणाली. मला वाटलं, गेली तर परत यायचं मन होणार नाही म्हणून नको म्हणतेय. विचारलं मात्र नाही. विचारलं असतं आणि ती हो म्हणाली असती तर?

पाच वर्षांपूर्वी तिची ती मैत्रीण, आता केस पिकलेली सिस्टर, भाच्याच्या लग्नाला वसईत आली. आमच्याकडे चहाला आली तेव्हा तिच्या पिशवीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेली दोन रोपं होती, वीतभर उंचीची. ‘आपल्या जेवणघरासमोरची झाडं होती ना, त्यांच्या बिया पडून उगवलीत,’ ती म्हणाली. ‘इथे जगतील असं वाटत नाही, पण तुझी आठवण झाली.’ बायकोने रोपं दोन्ही हातांत घेतली. तिने ती ज्या तऱ्हेने धरली ते मला आवडलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या दोन काड्यांचा मत्सर वाटला. साठीला टेकलेल्या माणसाला झाडाचा मत्सर वाटू शकतो, ही माहिती मी इथे नोंदवून ठेवतो.

सिस्टर गेल्यावर बायको म्हणाली, ‘ही इथे राहिली पाहिजेत.’ मग थोड्या वेळाने, ‘एकदा तरी फुलली पाहिजेत.’ तिने माझ्याकडे आजवर साडी मागितली नव्हती की दागिना मागितला नव्हता. हे एकच मागितलं, आणि तेही रोपांकडे बघून. फुललं तर ती पुन्हा तिकडची होणार, आणि नाही फुललं तर तिने मागितलेली एकुलती एक गोष्ट मला जमली नाही असं होणार. दोन्हीकडून माझी पंचाईत.

पहिलं रोप वाडीत लावलं. आमची वाडी सांडोरला, घराच्या मागेच. थोरला भाऊ ती बघतो. मी नोकरीवाला, मला वाडीत फक्त मत द्यायचा अधिकार. केळी, माडांमधल्या जागेत भाजी, कडेने सोनचाफ्याची कलमं. मधल्या बावखलातून, म्हणजे आमच्या वाड्यांमधल्या जुन्या तळ्यातून, पंपाने पाणी चढतं, पाटात सुटतं आणि एकेका आळ्यात शिरतं. सकाळी पाणी सुटलं की मी चहाचा कप घेऊन पाटाच्या कडेला उभा राहतो. केळीच्या पानांतून येणारा उजेड हिरवा होऊन पाण्यावर पडतो, पाणी तो पुढे घेऊन जातं, आणि थोडा वेळ आपणही कुठेतरी वाहत चाललोय असं वाटतं. कप रिकामा झालेला कळत नाही. मग भाऊ ओरडतो, ‘अरे, पाय काढ, पाणी अडतंय.’

आमच्याकडे जीव लावायची एकच रीत आहे, पाणी द्यायचं. झाड सुकलं, पाणी. पिवळं पडलं, पाणी. झाड काहीच बोलत नाही, म्हणजे तहानलंय, पाणी. भावाने चेरीला पाहुण्यासारखं वागवलं. केळींच्या आधी तिचं आळं भरायचा. ‘डोंगरातून आलंय, एवढ्या लांबून,’ तो म्हणायचा, ‘पाणी नाय दिलं तर जगेल कसं?’ मे महिन्यात पानांच्या कडा तपकिरी झाल्या. त्याने दोन वेळचं पाणी केलं. पुढे आषाढात रोपाने मान टाकली. बायकोने ते उपटलं तेव्हा मुळं काळी पडून मऊ झाली होती आणि त्यांना साचलेल्या डबक्याचा वास येत होता. तिने ती मुळं पाटाच्या पाण्यात धुतली. मेलेल्या रोपाची मुळं कशाला धुवायची ते मला कळलं नाही. धुऊन तिने ते रोप केळीच्या बुंध्याशी ठेवलं आणि घरात आली. भावाला ती एका शब्दाने बोलली नाही. तो मात्र दोन दिवस आमच्या अंगणात फिरकला नाही.

दुसरं रोप मी ताब्यात घेतलं. निळं प्लास्टिकचं पिंप अर्ध्यात कापून बुडाला भोकं पाडली. खाली विटांचे तुकडे, वर वाळू, नारळाच्या सोडणाचा भुगा, थोडी वाडीची माती. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी घराची सावली येईल अशा जागी ते ठेवलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं, कोरडं निघालं तरच पाणी. पिंपावर मी खडूने ‘हात लावू नये’ असं लिहिलं. भावाने ते वाचलं आणि म्हणाला, ‘मी काय तुझ्या वर्गातला पोरगा हाय?’ पण हात लावला नाही.

रोप वाढलं. चार वर्षांत ते माझ्या डोक्याच्या वर गेलं. त्याची साल तांब्याच्या भांड्यासारखी चकचकीत, तिच्यावर आडव्या बारीक रेघा. बायको येता-जाता खोडावरून तळवा फिरवायची. पानं लांबट, दातेरी कडांची, आणि भरपूर. फूल मात्र एक नाही. आमच्याकडे थंडी म्हणजे सकाळी आंघोळीला पाणी जरा जास्त तापवायचं, एवढंच. त्या झाडाला झोपायचं कधी ते कळतच नव्हतं. बिचारं चार वर्षं डोळे उघडे ठेवून उभं होतं.

तिसऱ्या वर्षी मी वैतागलो होतो. जेवताना बोलून गेलो, ‘हे काही इथलं झाड नव्हे. देऊन टाकू कोणाला तरी, महाबळेश्वरला वगैरे कोणी असेल तर.’ बायकोने हातातला घास ताटात ठेवला आणि उठून आत गेली. ताट तसंच राहिलं. माझ्या बायकोने ताटात अन्न टाकल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी घाबरलो. संध्याकाळी तिने नेहमीसारखा चहा दिला, मीही काही विचारलं नाही, पण झाड द्यायची भाषा मी पुन्हा केली नाही.

त्यानंतर मी मोबाइलवर वाचत सुटलो. आयुष्यभर पोरांना पद्धत लिहा, पद्धतीचे गुण असतात असं सांगितलं, आता स्वतः पद्धत शोधत बसलो. गरम देशांत सफरचंदं पिकवणारे लोक म्हणे झाडाची पानं हाताने तोडतात. पानं गेली की झाडाला वाटतं, हिवाळा आला, झोपू या. आणि झोपलं की त्याला थोडी खरी थंडी लागते. पानं तोडणं माझ्या हातात होतं. थंडी कुठून आणायची?

थंडी आमच्यापासून फार लांब नव्हती. किल्ल्याच्या पलीकडे कोळीवाड्यात बर्फाचा एक छोटा कारखाना आहे. तिथे बर्फाच्या लाद्यांबरोबर एक शीतखोलीही आहे, तिच्यात मासळीचे क्रेट बाजाराची वाट बघत थांबतात. ती चालवणारी बाई मला ओळखत होती. तिच्या मुलीला मी त्रिकोणमिती शिकवली होती, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला होता. मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं.

‘झाडाला ताप आलाय काय ओ मास्तर?’

‘ताप नाही. त्याला झोप येत नाही.’

‘मंग गनित शिकवा ना त्याला,’ ती म्हणाली, आणि बर्फ फोडणारी चारही माणसं हसली. मग हसू आवरून म्हणाली, ‘आना. ठेवा तितं कोपऱ्यान. पन पिंपातलं पानी गळता कामा नये, हां. माजे बोंबील आधीच पान्याचे.’

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी, आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आठवडे, सुरू व्हायच्या आदल्या दुपारी, आम्ही पानं तोडायला बसलो. भाऊ बघायला आला आणि त्याला ते बघवेना. ‘हिरवं पान तोडता? निरोगी झाडाचं?’ केळीचं पान कापायचं ते जेवायला, विड्याचं खुडायचं ते विकायला. नुसतं झाड उघडं करायला पान तोडणं हे त्याच्या सत्तर वर्षांत बसत नव्हतं. ‘बावरलायस तू,’ तो म्हणाला आणि पाठ फिरवून चाफ्याकडे गेला. मला वाटलं होतं बायकोला रडू येईल. ती उलट गुणगुणत होती. ‘देठ ठेवा,’ तिने मला शिकवलं, ‘नुसतं पान काढा. देठाच्या बगलेत डोळा असतो.’ तिला हे कसं माहीत ते मी विचारलं नाही. ऊन घरामागे गेलं, पानांचा ढीग आमच्या पायांशी वाढत गेला, आणि आम्ही दोघं बोलत नव्हतो तरी ती शांतता नेहमीच्या नोव्हेंबरसारखी नव्हती. तिची बोटं हिरवी झाली होती. शेवटचं पान तिने तोडलं, आणि अंगणात एकदम आकाश जास्त दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी चर्चमधला रविवारचा मिस्सा झाल्यावर टेंपोने झाड कोळीवाड्यात नेलं. पिंपाला खालून प्लास्टिक बांधलं होतं, बोंबलांच्या भल्यासाठी. ते पापलेटच्या क्रेटच्या आणि भिंतीच्या मध्ये उभं केलं आणि जाड दरवाजा लागला.

तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे सहा जानेवारीपर्यंत, ते तिथे होतं. आठवड्यातून दोनदा मी बघायला जायचो. महाबळेश्वरच्या सहलीसाठी घेतलेला स्वेटर इतक्या वर्षांनी कामी आला. आत गेलं की बाहेरची वसई बंद व्हायची. ना हॉर्न, ना ऊन. यंत्राची एकसुरी घरघर, पांढरा उजेड, क्रेटमधून वर बघणारे मासळीचे गोल डोळे आणि त्यांच्यामध्ये एक उघडं, तांबूस, निजलेलं झाड. मी उलट्या क्रेटवर बसायचो. बघण्यासारखं काही नव्हतं, तरी उठवत नसे. कधीकधी वाटायचं, मीही इथे झोपलो तर महिन्याभराने मलाही काहीतरी फुटेल. बाई दार उघडून विचारायची, ‘मास्तर, गोठलात का?’

नाताळच्या आदल्या आठवड्यात बायको म्हणाली, ‘मीही येते.’ मी तिला शाल गुंडाळून नेलं. आत पाऊल टाकल्यावर ती थांबली आणि तिने तोंडाने हळूच श्वास सोडला. पांढरी वाफ निघाली. तिने पुन्हा सोडला, पुन्हा वाफ. ती हसायला लागली. ‘किती वर्षांनी माझा श्वास दिसला हो मला!’ असं हसताना मी तिला फार कमी वेळा पाहिलं आहे. ती झाडाजवळ गेली, त्याच्या सालीवर तळवा ठेवला आणि तशीच उभी राहिली. तिच्या तोंडातून निघालेली वाफ फांद्यांत शिरत होती, विरत होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला वाटलं, ही इथे थंडीत किती सुखी दिसते, आणि मी हिला आयुष्यभर उकाड्यात ठेवलं. तेवढ्यात तिला ठसका लागला. मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं, जरा जास्तच घाईने.

सहा जानेवारीनंतर झाड घरी आलं. त्याला इतका मासळीचा वास येत होता की गल्लीतली मांजरं टेंपोच्या मागे चालत आली. पहिले काही दिवस त्याला सावलीत ठेवायचं, पाणी अगदी घोटभर, हे मी सगळ्यांना बजावून सांगितलं. सगळे म्हणजे बायको आणि भाऊ. भाऊ रोज सकाळी लांबून त्या काड्यांकडे बघायचा आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढायचा, आजाऱ्याच्या खाटेजवळ काढतात तसा.

पुढच्या रविवारी आम्ही चर्चमधून आलो तर पिंप काठोकाठ भरलेलं. वर सुक्या मासळीचं खत पसरलेलं, दोन-तीन ओंजळी तरी. भाऊ पंपाची नळी गुंडाळत होता. माझा पारा चढला. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण शेजारच्या घराच्या खिडकीत माणसं आली. भावाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘महिनाभर उपाशी ठेवलंय रे तुम्ही त्याला. मला बघवेना.’ त्याचे डोळे भरले होते. त्या माणसाने सत्तर वर्षांत एका झाडाला उपाशी ठेवलं नव्हतं. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. आम्ही तिघांनी मिळून पिंप आडवं केलं. भाऊ खोड धरून होता, तान्ह्या मुलाची मान धरावी तसा. पाणी गेलं, खत काढलं, वरची ओली माती उपसून कोरडी भरली. आठ दिवसांनी एक फांदी टोकापासून काळी पडत खाली आली. ती मी कापली. खाली अजून हिरवं होतं. बाकीच्या फांद्या काहीच सांगेनात.

त्या दिवसांत मला सकाळी लवकर जाग यायची. दार उघडून आधी पिंपाकडे जायचं, चष्मा कपाळावर सरकवून एकेका फांदीला नाक लावायचं, मग दात घासायचे. डोळे फुगलेत असं एक दिवस वाटायचं, दुसऱ्या दिवशी वाटायचं, आपल्यालाच भास झाला. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. ती स्वतः जवळ यायची नाही. मला ते कळत नव्हतं. मागितलं हिने, आणि धावपळ मी करतोय.

जानेवारी संपत आला होता. एका सकाळी मी उठलो तर ती अंगणात होती, हातात झाडू, पण झाडत नव्हती. मी मागे जाऊन उभा राहिलो. मधल्या एका फांदीवर सहा फुलं उघडली होती. रस्तेच्या रस्ते नाहीत, सहा. पाच पाकळ्यांची, लांब देठांवर मान खाली घातलेली, इतकी फिकट की आधी ती पांढरीच वाटली. कोवळं ऊन आलं तेव्हा गुलाबी झाली. वाडीत पाणी सुटलं होतं. कुठूनतरी एक मधमाशी आली आणि काय करावं ते न कळल्यासारखी फांदीभोवती फिरत राहिली. मी फुलं नीट बघितलीच नाहीत. मी बायकोचा चेहरा बघत होतो. त्यावरून काहीच कळत नव्हतं, आणि मग माझ्या तोंडून ते निघूनच गेलं.

‘तुला पस्तावा होतो का ग?’

‘कशाचा?’

‘हे सगळं सोडून आलीस त्याचा. माझ्याशी लग्न केलंस त्याचा.’

सोपं गणित चुकवलेल्या पोराकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघत राहिली. ‘मी सोडून आले नाही,’ ती म्हणाली. ‘मला परत पाठवलं.’

तिसऱ्या वर्षी तिच्या छातीत थंडी बसली होती. खोकला जाईना, ताप येत-जात राहिला. तिथली मदर चांगली होती. तिने हिला जवळ बसवलं आणि प्रेमाने सांगितलं, पोरी, तुझ्या शरीराला इथलं हवामान मानवत नाही, तू घरी जा. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता, खिडकीबाहेर झाडं फुलली होती. हिला राहायचं होतं. ही रडली, हात जोडले, दोन-दोन स्वेटर घालून राहीन म्हणाली. तिकीट आधीच काढलेलं होतं.

‘इथे येऊन कोणाला काय सांगू?’ ती म्हणाली. ‘मी त्यांना नको झाले, असं सांगू? लोकांना वाटलं मी सोडून आले. वाटू दिलं.’

‘आणि दर नोव्हेंबरला गप्प होतेस ते?’

‘भीती वाटायची. त्याच दिवसांत मला सांगितलं होतं ना. वाटायचं, आता इथेही कोणीतरी मला जवळ बसवेल आणि म्हणेल, तुला इथलं मानवत नाही, तू जा.’

मी पायरीवर बसलो. कारण एक गोष्ट मी इतका वेळ लिहिली नाही, मुद्दामच लिहिली नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरातच, ती अशी गप्प असताना माझा तोल गेला होता. सकाळची वेळ होती, शाळेला उशीर होत होता. मी म्हणालो होतो, ‘तिकडचं एवढं आहे तर जा ना परत. इथे कशाला राहिलीस?’ म्हणालो, चपला घातल्या आणि निघून गेलो. तिला ते आठवत नसेल अशी मी तेवढी वर्षं स्वतःची समजूत घातली होती.

‘मी एकदा तुला बोललो होतो,’ मी म्हटलं.

‘त्या दिवशी मी पेटी भरली होती,’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. ‘दुपारपासून पेटी घेऊन मागच्या दाराशी बसले होते. कुठे जायचं तेच कळेना. माहेरी काय सांगणार, पुन्हा परत आले म्हणून? मग तुम्ही आलात. पेटीकडे तुमचं लक्षसुद्धा गेलं नाही. चहा मागितलात. मग मी उठून चहा केला.’

मी रडलो. चौसष्टाव्या वर्षी, अंगणात, भाऊ वाडीतून बघत असताना. ती माझ्या शेजारी पायरीवर बसली, झाडू मांडीवर आडवा धरून. मी म्हटलं, माझं चुकलं. तिने झाडूची एक सुटलेली काडी परत आत खोचली. मग मी विचारलं, ‘तिकडची एवढी वाईट आठवण, तर हे झाड तुला कशाला हवं होतं?’

‘त्याला इथलं मानवत नव्हतं ना,’ ती म्हणाली. ‘मला बघायचं होतं, तुम्ही काय करता.’